लाइफ कोच लावायचाय? फी भरण्याआधी एवढं तपासा



गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, धंदा सुरू केला, पण मन लागत नाही. लाइफ कोच लावू का?" किंवा थेट, "सर, अमुक कोचची फी पन्नास हजार आहे. भरू का?"

कुणाचं नाव घेऊन विचारलं तर मी उत्तर देत नाही. ज्या माणसाचं काम जवळून बघितलेलं नाही त्याच्याबद्दल बरं-वाईट काय सांगणार? पण तपासायचं कसं, हे सांगता येतं. आणि एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. मी स्वतः ट्रेनिंग देऊन पोट भरतो, म्हणजे याच बाजारात माझंही दुकान आहे. तेव्हा खाली जे लिहिलंय ते माझ्यावरही लावून बघा. चालेल मला.

कोच नक्की करतो काय?

कोच हा शब्द मूळचा गाडीचा. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथल्या घोडागाड्या नावाजलेल्या होत्या, म्हणून गाडीलाच ते नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरला गमतीत कोच म्हणायला सुरुवात केली. तिथून शब्द खेळाच्या मैदानावर आला. 1974 मध्ये टिमोथी गॉलवे या टेनिस शिकवणाऱ्याने 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक लिहिलं. खेळाडूला सूचनांचा मारा करू नका, त्याला स्वतःच्या खेळाकडे नीट बघायला लावा, तो आपोआप सुधारतो, असं त्याचं म्हणणं. पुढे जॉन व्हिटमोर यांनी 1992 च्या 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' या पुस्तकातून हीच पद्धत ऑफिसांमध्ये नेली. आजचा लाइफ कोच या घराण्यातला.

म्हणजे त्याचं काम काय? नेमके प्रश्न विचारायचे, तुम्हाला स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला लावायचा, आणि पुढच्या वेळी "काय ठरलं होतं, केलंत का?" असं विचारायचं. बस. तो तुमच्या धंद्याचा हिशोब करत नाही, बँकेची फाइल करत नाही, आणि मनाच्या आजारावर उपचार तर नाहीच नाही.

इथेच बरीच गल्लत होते. एक उदाहरण धरून चालू. एक ताई घरून कांदा-लसूण मसाला विकतात. महिन्याला 60 किलो जातो, किलोला 520 रुपये घेतात. तक्रार अशी की "भाव वाढवायची हिंमतच होत नाही, माझ्यात कॉन्फिडन्स नाही." आता ऐकताना हा अगदी लाइफ कोचचा विषय वाटतो. पण वही उघडून बघा. कच्चा माल 390, कांडप 40, पाकीट आणि लेबल 30, पोहोचवायचा खर्च 20. झाले 480. किलोमागे उरले 40 रुपये, म्हणजे महिन्याला 2,400. त्यात ताईंची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. हा हिशोब त्यांनी आजवर कागदावर मांडलेलाच नसतो. मांडला की 600 चा भाव सांगायला कोणी टाळ्या वाजवून हिंमत द्यावी लागत नाही, आकडाच हिंमत देतो. 600 ला विकलं तर महिन्याला 7,200 उरतात, आणि चार गिऱ्हाइकं तुटली तरी परवडतं.

या ताईंना कोच नको, कॉस्टिंग शिकवणारा माणूस हवा. आणि तो फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत मिळतो. जिल्हा उद्योग केंद्रात जा, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे, म्हणजे एमसीईडीचे, कार्यक्रम बघा, गावाकडे असाल तर बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, आरसेटीत, चौकशी करा. तिथे भाषण कदाचित रटाळ असेल, पण हिशोब शिकवतात.

आता दुसऱ्या ताई घ्या. मसाला तोच, हिशोब चोख. पण नणंदेच्या मैत्रिणींकडे आठ महिन्यांची उधारी अडकलीय आणि मागायला जीभ रेटत नाही. दर महिन्याला ठरवतात, दर महिन्याला राहून जातं. इथे माहिती कमी नाहीये, अडलंय ते आत कुठेतरी. अशा ठिकाणी चांगला कोच खरोखर उपयोगी पडतो. चार-सहा बैठकांत पहिली वसुली होते, आणि ती सवय पुढे आयुष्यभर पुरते.

तिसऱ्या ताईंना रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, रडू आवरत नाही, जगणंच नको वाटतं. हे कोचचं काम नाही. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा रीतसर नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडेच जायचं. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416, मराठीतही बोलता येतं.

तेव्हा कोच शोधायच्या आधी आपण तिघींपैकी कोण, हे वहीत लिहून काढा. निम्म्या लोकांची फी इथेच वाचेल, असा माझा अंदाज.

सर्टिफिकेटच्या भिंतीकडे कसं बघायचं

आपल्या देशात लाइफ कोच व्हायला कुठलंही लायसन्स लागत नाही. वडापावची गाडी लावायची तरी अन्नसुरक्षेची, एफएसएसएआयची नोंदणी लागते. कोचला काहीच नाही. उद्या सकाळी तुम्ही बोर्ड लावलात तर परवा तुम्ही कोच. यात बेकायदेशीर काही नाही, पण त्यामुळे तपासायची जबाबदारी सगळी तुमच्या डोक्यावर येते.

जगभर ज्यांना मान आहे अशा संस्था आहेत. त्यातली सगळ्यात ओळखीची इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, आयसीएफ, 1995 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसी या पहिल्या पायरीला किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. पीसीसीला 125 तास प्रशिक्षण आणि 500 तास अनुभव. एमसीसीला 200 तास प्रशिक्षण आणि 2,500 तास अनुभव. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कोणाकडे हे क्रेडेन्शियल आहे, हे आयसीएफच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं.

पण मेख बघा. बायोडेटात "आयसीएफ सर्टिफाइड" लिहिलेलं असतं, आणि खोदून विचारलं की कळतं, साहेबांनी आयसीएफची मान्यता असलेला कोर्स केलाय, क्रेडेन्शियल घेतलेलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलला जाणं वेगळं आणि लायसन्स मिळणं वेगळं, तसंच हे. सरळ विचारा, "एसीसी, पीसीसी की एमसीसी? कोणत्या साली मिळालं?" ज्याच्याकडे आहे तो एका वाक्यात सांगतो.

'एनएलपी मास्टर', 'सबकॉन्शस हीलर', 'मनी माइंडसेट एक्स्पर्ट' अशा पदव्यांचं मात्र काही खरं नाही. एनएलपी ही 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात निघालेली पद्धत. तिच्या मोठमोठ्या दाव्यांना संशोधनात ठोस आधार मिळालेला नाही, आणि तिचं सर्टिफिकेट देणारी एक अशी अधिकृत संस्थाही नाही. काही दिवसांच्या कोर्सवर मिळतं. कुणी ते घेतलं म्हणून तो माणूस वाईट ठरत नाही. पण त्या कागदाच्या जोरावर फी ठरत असेल तर थांबा.

उलटंही असतं हं. एखाद्याकडे एकही कागद नसतो, पण वीस वर्षं दुकान चालवलेलं असतं, चार माणसं घडवलेली असतात आणि समोरच्याचं शांतपणे ऐकून घ्यायची सवय असते. असा माणूस तालुक्याच्या गावातही सापडतो. कागद ही एक खूण आहे, एवढंच धरा.

99 रुपयांचा वेबिनार

आता जिथे सगळ्यात जास्त पैसे जातात तिकडे येऊ. रील दिसतं, "एका महिन्यात आयुष्य बदला, फक्त 99 रुपये." तुम्ही भरता. या 99 रुपयांत कोणाचंही घर चालत नाही. ते घेतात कारण फुकट्यांमधून पैसे काढणारी माणसं वेगळी होतात, आणि तुमचा नंबर मिळतो.

मग तीन तासांचा ऑनलाइन कार्यक्रम. पहिला तास कोचची गरिबीतून वर येण्याची गोष्ट. दुसऱ्या तासात डोळे मिटून लहानपणचं दुःख आठवायला लावतात, बरेच जण रडतात. मन असं मऊ झालं की तिसऱ्या तासात स्क्रीनवर किंमत येते. दोन लाख, त्यावर काट मारलेली, आज फक्त 49,999, आणि खाली उलटं पळणारं घड्याळ. चॅटमध्ये भराभर "जॉइन केलं", "मी पण" असे मेसेज पडतात. ते सगळे खरे गिऱ्हाईकच असतील असं समजू नका. तुमचा माइक बंद असतो, प्रश्न विचारता येत नाही.

थांबलात तर दुसऱ्या दिवशी 'काउन्सेलर'चा फोन येतो. नाव काउन्सेलर, काम विक्रीचं, अनेकदा कमिशनवर. त्यांचं एक वाक्य मला फार खटकतं. ताई म्हणतात, "घरी विचारून सांगते." पलीकडून उत्तर येतं, "मॅडम, स्वतःच्या आयुष्याचा निर्णयही दुसऱ्याला विचारून घेणार? म्हणूनच तर तुम्ही अडकलाय!" बघा, बोली स्वातंत्र्याची आहे आणि हेतू एवढाच की शहाण्या माणसाशी तुमचं बोलणं होऊ नये. घरी विचारायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण कोणाशी बोलू नका असं जो सांगतो, त्याच्यापाशी लपवण्यासारखं काहीतरी असतं.

यावर एक साधी परीक्षा आहे. म्हणा, "मी पुढच्या सोमवारी याच फीमध्ये येईन, चालेल का?" ज्याला कोचिंग करायचंय तो हो म्हणेल, कारण सोमवारपर्यंत त्याच्या कामात काही फरक पडणार नसतो.

आणि हप्ते! "पैसे नाहीत? काळजी नको, ईएमआयची सोय आहे." बहुतेक वेळा ही कोचने दिलेली सवलत नसते, ते तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. फायनान्स कंपनी कोचला पैसे देऊन मोकळी होते, तुम्ही कंपनीचे देणेकरी. तीन सेशननंतर कोच फोन उचलेनासा झाला तरी हप्ता चालूच. हप्ता थांबवला की सिबिल स्कोअर पडतो, आणि सहा महिन्यांनी मशीनसाठी मुद्रा कर्ज मागायला जाता तेव्हा बँकेच्या साहेबाला तेच दिसतं. फोनवर ओटीपी देण्याआधी विचारा, हे कर्ज आहे का, कोणत्या कंपनीचं, एकूण परतफेड किती. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देताना सगळे खर्च मांडलेला कागद तुम्हाला द्यावा लागतो, आणि मत बदललं तर दंड न लागता कर्ज परत करायला थोडी मुदतही असते. किती दिवसांची ते करारात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

49,999 वर 18 टक्के जीएसटी धरा, 59 हजारांच्या घरात गेलं. आपल्या पहिल्या मसालेवाल्या ताईंची जुन्या भावाने दोन वर्षांहून जास्त काळाची कमाई.

पहिल्या भेटीत काय बघायचं

बरेच चांगले कोच पंधरा-वीस मिनिटांची पहिली भेट फुकट देतात. त्या भेटीत कोण किती बोललं, ते मोजा. चौदा मिनिटं कोचच बोलला असेल तर पैसे भरल्यावरही तोच बोलणार.

विचारा की "तुमच्याकडे येऊन कोणाला फायदा झाला नाही?" अनुभवी माणूस थोडं थांबून सांगेल, अमुक प्रकारच्या लोकांना माझा उपयोग झाला नाही. शंभर टक्के रिझल्ट सांगणारा एकतर नवीन आहे, नाहीतर खोटं बोलतोय. "तीन महिन्यांत दुप्पट उत्पन्न" अशी गॅरंटी कोच देऊच शकत नाही, कारण काम तुम्ही करायचंय, आणि बाजार दोघांच्याही हातात नाही.

जुन्या दोन क्लायंटशी बोलायला मिळेल का, तेही विचारा. एक वर्षापूर्वी संपलेले हवेत. कार्यक्रम संपताना कॅमेऱ्यासमोर दिलेला अनुभव हा त्या दिवसाचा उत्साह असतो. वर्षानंतर त्याच माणसाचं दुकान चालू आहे का, हे महत्त्वाचं. काही कोच म्हणतील, क्लायंटची नावं मी सांगत नाही, त्यांना विचारून त्यांनी स्वतः संपर्क केला तर ठीक. हे उत्तर उलट चांगलं आहे.

कारण गुप्तता. तुम्ही त्याला नवऱ्याचं कर्ज, भागीदाराशी भांडण, स्वतःची भीती, सगळं सांगणार. आपली गावं लहान, बाजारपेठ त्याहून लहान. पहिल्याच भेटीत कोच दुसऱ्या क्लायंटचा किस्सा ओळख पटेल असा रंगवून सांगत असेल, तर पुढच्या महिन्यात तुमचा किस्सा तिसऱ्याला ऐकायला मिळणार. रेकॉर्डिंग होतं का, कुठे ठेवतात, जाहिरातीत वापरणार का, हे लेखी घ्या.

आणखी एक बघून घ्या, त्याची कमाई येते कुठून. बरेच कोच धंदेवाल्यांना कोचिंग देऊन कमवत नाहीत, 'तुम्हीही कोच बना' हा कोर्स विकून कमवतात. तुम्ही गेलात पापडाच्या धंद्यासाठी आणि दोन महिन्यांनी सल्ला मिळतो, "तुमच्यात कोच व्हायची ताकद आहे, फक्त अजून एक लाख." पापड राहिले बाजूला. नव्या माणसांच्या फीवर जुन्यांना कमिशन मिळत असेल तर ती सरळ साखळी आहे, तिथून निघा.

काही गोष्टींवर मात्र चर्चाच नको. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणाला, अमुक शेअरमध्ये किंवा क्रिप्टोत पैसे टाका म्हणाला, 'निगेटिव्ह' म्हणून आई-वडिलांशी किंवा जोडीदाराशी बोलणं तोडायला सांगितलं, की उठायचं. भरलेली फी गेली तरी उठायचं.

कागद आणि पैसे

दोन पानांचा करार पुरतो. किती सेशन, प्रत्येक किती मिनिटांचं, कोच स्वतः घेणार की त्याचा असिस्टंट (हे नक्की विचारा, नाव एकाचं आणि समोर दुसराच, असं फार होतं), तुम्ही किंवा त्याने वेळ रद्द केली तर काय, मध्येच सोडलं तर किती पैसे परत. पूर्ण वर्षाची फी एकदम देऊ नका. तीन सेशनचे पैसे द्या, मग बघा.

बिल मागा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, म्हणून नंबर नाही यात दोष नाही. पण जीएसटी लावून पैसे घेतले आणि नंबर नाही, हे चालणार नाही. नंबर 15 अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं.

तीन सेशन झाली की वही उघडा. सेशनमध्ये किती छान वाटलं ते लिहू नका, छान तर कीर्तनातही वाटतं. आधी करत नव्हतो असं काय केलं, तेवढंच लिहा. उधारीचे किती फोन केले, किती वसूल झाले, कोणाला नाही म्हटलं. पान कोरं असेल तर तसं कोचला सांगा. त्यावर तो स्वतःची पद्धत बदलतो, की "तुमचा विश्वासच कमी पडतोय" म्हणतो, यावरून चौथ्या सेशनचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.

फसवणूक झालीच तर

आधी लेखी मागणी करा, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर, फोनवर नको. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कोच दिल्लीचा असला तरी. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, ऑनलाइनही दाखल करता येते, मुदत दोन वर्षं.

एक अडचण येऊ शकते. समोरचा वकील म्हणेल, "ही सेवा धंद्यासाठी घेतली, म्हणजे हे ग्राहकच नाहीत." कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळली आहे हे खरं, पण फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच, असा युक्तिवाद करता येतो. घरून मसाला विकणाऱ्या ताई यात बसू शकतात. तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहा.

पुरावा मात्र आधीपासून हवा. वेबिनारचं रेकॉर्डिंग तुमच्या हाती लागत नाही, आणि वेबसाइटवरची गॅरंटी एका रात्रीत गायब होते. म्हणून पैसे भरण्याआधीच जाहिरातीचा, फीच्या पानाचा आणि रिफंडच्या अटींचा स्क्रीनशॉट काढा, आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर पाठवून ठेवा.